जुनी व्हॅन पासिंगला न्यायची आहे? बडोद्यातल्या व्हॅनवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

माझी मारुती ईको २०१३ ची. पिवळी पाटी, म्हणजे व्यावसायिक नोंदणी, आणि कंपनीचंच सीएनजी. दांडिया बाजार, रावपुरा आणि खारीवाव रोडची मुलं शाळेत सोडते-आणते. मे महिना लागला की पासिंगबद्दल, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीबद्दल, ओळखीच्या व्हॅनवाल्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. टॅक्सी, टिफिन किंवा मालाची व्हॅन असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी दोन वर्षांनी पासिंग व्हायचं, आता दर वर्षी का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ६२ तसंच सांगतो. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर एकेक वर्षाचं. पांढऱ्या पाटीच्या घरगुती व्हॅनचं वेगळं आहे: नोंदणी १५ वर्षं चालते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची.

तारीख चार दिवस उलटली तर काय बिघडतं?

बरंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे, फिटनेस नसलेली व्यावसायिक गाडी वैध नोंदणी असलेली मानलीच जात नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही बिननोंदणीची गाडी चालवताय. त्या चार दिवसांत अपघात झाला, तर विमा कंपनीला हाच मुद्दा पुढे करायला वाव मिळतो. लोकांची मुलं गाडीत बसवून मी तरी ही जोखीम घेणार नाही.

तयारी कधीपासून करायची?

तारखेच्या निदान एक महिना आधी. शाळेची व्हॅन असेल तर मेची सुट्टी सगळ्यात सोयीची, गाडी आठवडाभर गॅरेजात राहिली तरी कुणाचं अडत नाही. फक्त क्रम चुकवू नका. आधी गाडीखालचं काम आणि ब्रेक, मग स्टिअरिंग आणि टायर, मग वायरिंग आणि दिवे, शेवटी पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि कागद. बरेच जण उलटं करतात. पहिल्याच दिवशी डेंटिंग-पेंटिंगवर आठ-दहा हजार घालवतात आणि ब्रेकची वेळ आली की हात आखडता घेतात.

गॅरेजवाल्याला आधी काय बघायला सांगू?

गाडी उचलून खालचा पत्रा बघायला सांगा, आणि तो बघत असताना स्वतः तिथे उभे राहा. जुन्या व्हॅनचा खरा आजार खाली असतो. वरून धुतलेली, पॉलिश केलेली गाडी बघून काहीच कळत नाही.

आधी आतली सगळी मॅटिंग काढा. ड्रायव्हरच्या पायाखाली, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत आणि मागच्या चाकांच्या कमानीत पाणी साठतं. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत पुढे जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. तिथे टोक लावून दाबा. रंगाचा पापुद्रा फुटून तपकिरी भुगा पडला तर तिथे पत्रा उरलेलाच नाही, नुसता रंग उरलाय. अशा जागी पुट्टी भरून वर काळा अंडरकोट मारून देणारे पुष्कळ आहेत. तसं करू देऊ नका. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, मग प्रायमर, मग अंडरकोट. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडायची, आणि सीएनजीची टाकी किंवा पाइप जवळ असेल तर ते काम सीएनजीवाल्याला विचारल्याशिवाय करायचंच नाही.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी बघावी लागते, ती म्हणजे पुराचं पाणी. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा वस्तीत शिरली. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या किती तरी गाड्या धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. गाडी पाण्यात होती, किंवा तुम्ही जुनी घेतलीत आणि आधीचं काही माहीत नाही, तर तीन जागा उघडून बघा. सीट बेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, आत वाळलेला गाळ लागला तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटखालचे वायरिंगचे कपलर सोडून बघा, हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तांबं खाल्लं गेलंय. मागच्या डिफरन्शियलचा ऑइलचा बोल्ट उघडा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, लगेच बदला. चाकांचे बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या.

ब्रेक लागतात की! मग ड्रम कशाला उघडायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझ्या बाबतीत जे झालं ते सांगूनच उत्तर देते.

एकदा हँडब्रेक सैल झाला म्हणून गाडी गॅरेजला दिली. मागची केबल आवळून मिळाली, "ब्रेक बराबर छे, बेन" असं सांगून. तीन आठवड्यांनी, भर पावसात, लालबाग ब्रिजच्या चढावर गाड्या अडकल्या. मागे मुलं बसलेली. हँडब्रेक ओढला, पायब्रेकवरचा पाय जरासा सैल केला, तर गाडी मागे सरकायला लागली. मागची मोटारसायकल हातभर अंतरावर होती. पाय पुन्हा दाबला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ड्रम उघडला. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) गळत होता आणि दोन्ही लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, ब्रेक ऑइलने चिंब झाले होते. त्या लायनरवर केबल कितीही आवळली तरी पकड कशी येणार? केबल आवळल्यामुळे फक्त दुखणं झाकलं गेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: ड्रम उघडल्याशिवाय हँडब्रेक आवळायचा नाही. उघडल्यावर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणं बोटाने उचलून बघा, आत ओल दिसता कामा नये. लायनर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर एखादा सिलिंडर जाम आहे. पुढच्या डिस्कचे पॅड, कॅलिपरच्या पिना आणि चाकाजवळचे रबरी होज बघा. होज वाकवल्यावर भेगा दिसल्या तर लगेच बदला, किंमत फार नसते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच भरा. नवं ऑइल जवळजवळ पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असतं. काढ्यासारखं काळपट झालं असेल तर कधीच बदलायला हवं होतं.

घरी करण्याजोग्या दोन चाचण्या आहेत. गाडी बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक. मग तसंच मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

स्टिअरिंगचा प्ले किती चालतो?

नियमाप्रमाणे स्टिअरिंग व्हीलचा मोकळा फेर ३० अंशांपेक्षा जास्त नको. घड्याळात एका तासाचं जेवढं अंतर, तेवढा हा कोन. पण तिथपर्यंत गेलेली गाडी चालवायला आधीच भीतीदायक झालेली असते. पुढचं चाक जॅकवर उचलून बाजूंनी धरून हलवा, खडखड आली तर स्टिअरिंगचा टायरॉड एंड झिजलाय. वर-खाली धरून हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर दोन्ही बाजूंचे बदला, एकट्याचा नाही. आणि वील अलाइनमेंट या सगळ्या कामांनंतरच करा. आधी केलेलं वाया जातं.

टायर अजून चालतील असं वाटतंय, कसं ठरवायचं?

खाचांची खोली निदान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे उंचवटे असतात. घासून टायर त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की संपला. खाच चांगली असली तरी बाजूची भिंत बघा, तिथे बारीक भेगांचं जाळं असेल तर टायर म्हातारा झालाय. बाजूलाच चार आकडे छापलेले असतात. ३५१७ म्हणजे २०१७ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला.

पासिंगपुरते दुसऱ्याच्या गाडीचे चांगले टायर लावून नेतात, संध्याकाळी परत आपले घालतात. मलाही एका गॅरेजमध्ये असं सुचवलं होतं. त्या दिवशी अधिकारी बघतात चांगले टायर, आणि उरलेले ३६४ दिवस मुलं बसतात गुळगुळीत टायरवर. असं करणाऱ्याने आपली स्वतःची मुलं त्या गाडीत बसवून हायवेने हालोलपर्यंत जाऊन यावं.

हेडलाइट लागतात, तरी नापास का करतात?

कारण नुसतं लागणं पुरत नाही. उजेड किती आणि पडतो कुठे, दोन्ही बघतात. जुन्या ईकोच्या प्लास्टिकच्या काचा पिवळ्या पडतात. बारीक वॉटर पेपर मारून पॉलिश केल्या की बराच फरक पडतो, फार खराब असतील तर बदला. बल्ब ६०/५५ वॉटचाच ठेवा. जास्त वॉटचा लावला तर होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

उजेड मंद वाटला की लोक लगेच बल्ब बदलतात. आधी अर्थची वायर बघा. बॉडीला जिथे ती बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढतो. बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, परत आवळा, वर थोडं व्हॅसलीन लावा. माझ्या गाडीचा उजवा दिवा नुसता एवढ्यावर सुधारला होता.

रोख तपासायला रात्री सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं हवं. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली पडली पाहिजे. वर गेली तर स्क्रू फिरवून खाली आणा.

इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्सचा दिवा आणि नंबरप्लेटवरचा छोटा दिवा जाता जाता तपासाच. हा शेवटचा दिवा हमखास गेलेला असतो. रिफ्लेक्टर पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. प्रमाणित पट्टी घ्या, फुटपाथवरची स्वस्त पट्टी दोन पावसाळ्यांत सुटते.

पीयूसीत आकडा जास्त येतो. काय करू?

आधी दाखल्यावरचे दोन आकडे वाचायला शिका. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५०. डिझेल व्हॅनला धुराची घनता मोजतात: बीएस-४ ला ५०, त्याआधीच्यांना ६५ एचएसयू (धुराची घनता मोजायचं एकक).

कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर इंजिनला हवा कमी आणि इंधन जास्त मिळतंय. एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बघा. हायड्रोकार्बन वाढला असेल तर इंधन न जळताच बाहेर पडतंय. प्लग, कॉइल, आणि सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर व्हॉल्व्हचा गॅपही बघून घ्या. तपासणीला गाडी थंड नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून न्या, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्यावरच काम करतो. दाखला बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षभर चालतो, त्याहून जुन्यांना सहा महिने.

सीएनजीच्या टाकीचं काय?

दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट. टाकी गाडीतून काढून पाण्याच्या दाबाखाली तपासतात, मग नवी तारीख ठोकलेली प्लेट मिळते. याला काही दिवस लागू शकतात, म्हणून पासिंगच्या आठवड्यात हे काम काढू नका. प्लेटवरची तारीख आजच बघून ठेवा. किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद आहे का तेही बघा. नसेल तर आधी ती करून घ्यावी लागेल.

टाकीचे पट्टे सैल नकोत, पट्ट्याखालचं रबर जागेवर हवं. जोडांवर साबणाचं पाणी लावा. एक बुडबुडा आला तरी गाडी सीएनजीवर चालवायची नाही.

मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनसाठी आणखी काय?

अग्निशामक बाटली, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडव्या सळ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शाळेच्या बसबाबत ज्या सूचना दिल्या त्यात या तिन्ही गोष्टी होत्या. बाटलीच्या घड्याळाचा काटा हिरव्यात हवा आणि भरल्याची तारीख चालू हवी. बाटली ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. मागे दप्तरांखाली पुरलेल्या बाटलीचा उपयोग नाही.

आता फळीबद्दल. आपल्याकडे किती तरी व्हॅनमध्ये मागे सीएनजीच्या टाकीवर लाकडी फळी टाकून तीन-चार मुलं बसवतात. पासिंगच्या दिवशी फळी काढतात, दुसऱ्या दिवशी परत येते. त्या मुलांना पट्टा नाही, धरायला काही नाही, मागचं दार हीच त्यांची पाठ, आणि खाली दाबाने भरलेली टाकी. मागून कुणी ठोकलं तर पहिला मार त्यांनाच. आरसीवर जेवढ्या सीट तेवढ्याच गाडीत हव्यात. मी फळी काढली तेव्हा चार मुलं कमी झाली. मग आई-वडिलांना घरी जाऊन कारण सांगितलं आणि महिन्याचे पैसे थोडे वाढवून मागितले. दोघांनी नकार दिला, बाकी सगळ्यांनी दिले. पालकांना टाकी कुठे आहे हेच माहीत नसतं. त्यांना एकदा मागचं दार उघडून दाखवा.

काचेला फिल्म चालते का?

नाही. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बाहेरून चिकटवलेली फिल्म बंद आहे. काढून टाका. ड्रायव्हरच्या नजरेसमोर तडा गेलेली काचही बदला, वायपरच्या रबरासकट.

कागद कोणते लागतात?

आरसी, आधीचं फिटनेस, चालू विमा, पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती, परमिट, सीएनजीचा टाकी-दाखला. पुढे-मागे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आणि काचेवर फास्टॅग. थकलेली ई-चलानं आधीच भरून टाका. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो आणि ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. अडकतात ते इथेच: गाडी सासऱ्यांच्या नावावर, नंबर बंद पडलेला. नंबर महिनाभर आधी बदलून घ्या.

चेसिस नंबर वाचता आला पाहिजे. गंज धरला असेल तर डिझेलच्या फडक्याने पुसा आणि मऊ ब्रशने साफ करा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावू नका, आकडा पुसट झाला तर वेगळीच भानगड होते. साफ झाल्यावर वर कागद धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे कागदावर उमटले की झालं.

एजंट करावा का?

वेळ नसेल तर कागदांसाठी करा. पण "गाडी न आणता होईल" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दरजीपुऱ्याच्या आरटीओला मी स्वतः जाते, सकाळी लवकर.

मशीनवरची तपासणी अवघड असते का?

जिथे ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन सुरू आहे तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. डाव्या-उजव्यात फरक असेल तर तो आकड्यातच दिसतो, कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून राहत नाही. हेडलाइट, साइड स्लिप (चालताना चाकं बाजूला किती सरकतात ते), धूर यांचंही तसंच. मला ही पद्धत आवडते. ब्रेकचं काम केलं असेल तर न्यायच्या आधी दोन-तीन दिवस गाडी चालवा, नवे लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो.

नापास झाली तर थेट भंगारात का?

नाही. नापासाचं कारण लिहून मिळतं. ते काम करून पुन्हा तपासणीला नेता येते. आपल्याकडे १५ वर्षं झाली म्हणून खासगी मालकाची गाडी आपोआप भंगारात जात नाही. ती दिल्ली आणि आसपासच्या भागातली गोष्ट, किंवा सरकारी गाड्यांची.

पण कधी थांबायचं ते मात्र आपणच ठरवायचं. इंजिन, ब्रेक, दिवे, सगळं दुरुस्त होतं. ज्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर बॉडी उभी असते आणि सस्पेन्शन बांधलेलं असतं, त्याच पोकळ सडल्या असतील आणि वेल्डरला नवा पत्रा जोडायला चांगला पत्राच सापडत नसेल, तर त्या गाडीवर पुढचा खर्च करू नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून मिळणारा दाखला जपून ठेवा आणि आरसी रद्द करून घ्या. आमची ईकोच्या आधीची ओम्नी अशीच गेली. जॅक लावला तर गाडी उचलली जाईना, जॅकच आत शिरायला लागला होता.